विश्लेषण : नातेवाईकांची शंका रुग्णाच्या नोंदीत का हवी? इंग्लंडचा ‘मार्था नियम’ काय सांगतो?

‘सिस्टर, आज बाळ काही वेगळंच वाटतंय हो...’ रुग्णालयाच्या वॉर्डात रोज ऐकू येणारे हे वाक्य केसपेपरवर मात्र सहसा उतरत नाही. तेथे तापमान, नाडी, रक्तदाब असे आकडे असतात. १३ वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूनंतर इंग्लंडच्या रुग्णालयांनी ही पद्धत बदलायला घेतली. रुग्णाच्या जवळच्या माणसाला वाटणारी काळजी हीसुद्धा तपासणीतील एक नोंद आहे, असे तेथे आता मानले जाते. हा बदल कसा झाला आणि नातेवाईक चोवीस तास खाटेशेजारी बसलेले असतात त्या आपल्या रुग्णालयांसाठी त्याचा अर्थ काय, याचा हा आढावा.

मार्था मिल्स प्रकरण काय होते?

२०२१ च्या उन्हाळ्यात मार्था मिल्स ही मुलगी कुटुंबासोबत वेल्समध्ये सुटीवर गेली होती. तेथे ती सायकलवरून पडली आणि हँडल पोटात लागून तिच्या स्वादुपिंडाला इजा झाली. अशा इजांवर उपचार करणाऱ्या लंडनमधील किंग्ज कॉलेज रुग्णालयात तिला दाखल करण्यात आले. काही आठवड्यांनी तिला जंतुसंसर्ग झाला आणि तो रक्तात पसरून ‘सेप्सिस’ झाला. ताप, रक्तस्राव आणि अंगावर उठलेले चट्टे पाहून आईवडिलांनी वारंवार चिंता व्यक्त केली. परंतु तिला अतिदक्षता विभागात वेळेवर हलवण्यात आले नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी, चौदाव्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी, तिचा मृत्यू झाला. तिला आधीच अतिदक्षता विभागात हलवले असते, तर ती बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने २०२२ मध्ये नोंदवला. मार्थाची आई मेरोपी मिल्स या ‘द गार्डियन’मधील एक संपादक. आपले म्हणणे ऐकले गेले नाही, ही व्यथा त्यांनी जाहीरपणे मांडली आणि रुग्णाच्या कुटुंबाला दुसरे मत मागण्याचा हक्क मिळावा यासाठी मोहीम उभारली.

‘मार्था नियम’ म्हणजे काय?

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने फेब्रुवारी २०२४ मध्ये हा नियम जाहीर केला. पहिल्या टप्प्यासाठी १४३ रुग्णालयांची निवड झाली. नियमाचे तीन भाग आहेत. पहिला, रुग्णाची प्रकृती ढासळत आहे असे वाटल्यास कोणत्याही कर्मचाऱ्याला, मग ती कनिष्ठ परिचारिका का असेना, अतिदक्षता विभागाच्या फिरत्या पथकाकडून तातडीने तपासणी मागता येते. दुसरा, हीच मुभा रुग्णाला आणि त्याच्या कुटुंबाला दिवसरात्र असते. त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक वॉर्डात लावलेला असतो. तिसरा भाग बातम्यांमध्ये कमी आला, पण शुश्रूषेच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. रुग्णाला कसे वाटते आहे आणि जवळच्या माणसाला त्याच्यात काय बदल दिसतो आहे, हे दिवसातून किमान एकदा विचारून त्याची पद्धतशीर नोंद ठेवायची. म्हणजे नातेवाईकांनी तक्रार घेऊन येण्याची वाट न पाहता रुग्णालयानेच त्यांना विचारायचे.

असा नियम काढणारा इंग्लंड पहिला नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात २००७ मध्ये रायन सॉंडर्स हा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा संसर्गाने दगावला. त्याच्या आईवडिलांची काळजीही वेळीच गांभीर्याने घेतली गेली नव्हती. तेथे २०१३ पासून ‘रायन नियम’ लागू आहे. त्यात तीन पायऱ्या आहेत : आधी परिचारिकेशी किंवा डॉक्टरांशी बोला, समाधान झाले नाही तर प्रमुख परिचारिकेशी बोला आणि तरीही शंका उरली तर ठरलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करा.

त्याचा उपयोग झाला का?

अशी सोय दिली की विनाकारण दूरध्वनींचा पाऊस पडेल, अशी भीती सुरुवातीला व्यक्त झाली होती. २०२४ मधील पहिल्या काही महिन्यांच्या नोंदींत किमान ५७३ दूरध्वनी आले. त्यांपैकी २८६ प्रकरणांत रुग्णाची प्रकृती खरोखर बिघडत असल्याने तपासणी आवश्यक ठरली. ५७ रुग्णांच्या उपचारांत प्राण वाचवू शकेल असा बदल करावा लागला. कोणाला प्रतिजैविक सुरू झाले, कोणाला प्राणवायू द्यावा लागला. १४ रुग्णांना तातडीने अतिदक्षता विभागात हलवावे लागले. म्हणजे साधारण निम्म्या वेळा दूरध्वनी करणाऱ्याची शंका दखल घेण्याजोगी निघाली. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसांच्या अंदाजाबाबत हे प्रमाण लक्षणीय आहे.

परिचारिका रुग्णाची तपासणी कशी करते?

शुश्रूषेचे काम पाच टप्प्यांत चालते, असे परिचर्या अभ्यासक्रमात शिकवले जाते. माहिती गोळा करणे, त्यावरून रुग्णाची गरज ओळखणे, काळजीची आखणी करणे, ती अमलात आणणे आणि परिणाम झाला का हे पाहणे. यातील पहिला टप्पा म्हणजे ‘असेसमेंट’. तो चुकला की पुढचे चारही चुकतात. त्यात दोन प्रकारची माहिती घ्यायची असते. एक मोजता येणारी, म्हणजे ताप, नाडी, श्वसनाचा वेग, रक्तदाब, प्राणवायूचे प्रमाण, लघवी किती झाली इत्यादी. दुसरी सांगितलेली, म्हणजे ‘छातीवर दडपण येतंय’, ‘दोन दिवस जेवण जात नाही’, ‘रात्रभर कण्हत होते’. पाठ्यपुस्तकात या दोन्हींचे वजन सारखे असते. गजबजलेल्या वॉर्डात मात्र पहिलीच उरते. तिच्यासाठी तक्त्यात रकाना असतो, दुसरीसाठी बहुतेकदा नसतो.

मोजलेल्या आकड्यांवरून धोका लवकर ओळखता यावा म्हणून ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये एक गुणपद्धत तयार केली. ‘न्यूज’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. श्वसनाचा वेग, रक्तातील प्राणवायू, रक्तदाब, नाडी, शुद्धीची पातळी आणि तापमान या सहा बाबींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण दिले जातात. बाहेरून प्राणवायू लावलेला असेल तर त्याचे दोन गुण वेगळे. प्रौढाचा श्वसनाचा वेग मिनिटाला १२ ते २० असेल तर शून्य गुण, २५ किंवा त्याहून अधिक असेल तर तीन. बेरीज पाचवर गेली की डॉक्टरांना तातडीने बोलवायचे आणि सातवर गेली की आणीबाणी समजायची.

मग आकडे पुरेसे का नाहीत?

या पद्धतीची सुधारित आवृत्ती २०१७ मध्ये आली. शुद्धीच्या रकान्यात तेव्हा एक नवी गोष्ट जोडली गेली : ‘नव्याने उद्भवलेला गोंधळ’. रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला, वेळ-जागा विसरू लागला तर थेट तीन गुण. परंतु हा गोंधळ नवा आहे की जुना, हे ठरवायचे कोणी? समजा, पंचाहत्तरीच्या आजी रात्री न्यूमोनियाने दाखल झाल्या. सकाळच्या पाळीला आलेली परिचारिका त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पाहते आहे. ‘वयोमानाने विसरत असतील’ असे तिला वाटणे स्वाभाविक आहे. ‘आई कालपर्यंत भाजीचा हिशेब तोंडी सांगत होती,’ हे फक्त मुलगी किंवा सूनच सांगू शकते. या एका वाक्याने गुणांची बेरीज बदलते आणि त्याबरोबर उपचारांची घाईही.

लहान मुलांबाबत अडचण आणखी वेगळी आहे. मुलाचे शरीर बराच काळ रक्तदाब सांभाळून धरते. तो घसरतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. त्याआधीचे बदल बारीक असतात. रडण्याचा सूर बदलतो, मूल नजर देत नाही, आवडते खेळणे हातात घेत नाही, अंगावर नीट ओढत नाही. हे टिपायला मूल रोज पाहणारा डोळा लागतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश बालरुग्णालयात मुलाची नाडी, श्वास मोजताना आईवडिलांना ‘मुलाची तब्येत बिघडत चालली आहे असे तुम्हाला वाटते का?’ असे नेमाने विचारून त्याचा अभ्यास करण्यात आला. तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या पालकांनी ‘हो’ म्हटले, त्या मुलांना अतिदक्षता विभागात हलवावे लागण्याची शक्यता सुमारे चौपट आढळली. कोणत्याही एका बिघडलेल्या आकड्यापेक्षा पालकांच्या काळजीचा संबंध अधिक ठळक निघाला. इंग्लंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये लहान मुलांसाठी आणलेल्या राष्ट्रीय तक्त्यात पालकांच्या काळजीचा समावेश आहे, तो याच विचाराने.

कुटुंबकेंद्रित शुश्रूषेची कल्पना कुठून आली?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधील बालरुग्णालयांत आईवडिलांना ठरावीक वेळेपुरतेच भेटू देत. आई आली की मूल रडते, वॉर्डाची शिस्त बिघडते, असे मानले जाई. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर माहितीपट केला. शांत झालेले मूल रुळलेले नसते, ते हताश झालेले असते, हे त्यातून लोकांना दिसले. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने पालकांना भेटीची मोकळीक द्यावी आणि लहान मुलाजवळ आईला राहू द्यावे, अशी शिफारस केली. पुढे या विचाराला चौकट मिळाली. तिची चार तत्त्वे सांगितली जातात : सन्मान, माहितीची देवाणघेवाण, काळजीत सहभाग आणि निर्णयात सहकार्य. यातला दुसरा मुद्दा ‘देवाणघेवाण’ आहे. डॉक्टरांनी सांगायचे आणि घरच्यांनी मान डोलवायची, एवढ्याने तो पूर्ण होत नाही.

आपल्याकडे तर नातेवाईक खाटेशेजारीच असतात?

खरे आहे आणि पेच नेमका तेथेच आहे. आपल्या सरकारी रुग्णालयांत रुग्णाला भरवणे, कूस बदलणे, अंग पुसणे, लघवीचे भांडे देणे, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचवणे, सलाईन संपत आले की सिस्टरना हाक मारणे ही कामे बरेचदा घरचीच माणसे करतात. खाटेखाली चटई टाकून रात्र काढतात. म्हणजे सहभाग भरपूर आहे. पण राउंडची वेळ झाली की ‘नातेवाईकांनी बाहेर थांबा’ अशी हाक येते. रुग्णाला सलग चोवीस तास पाहिलेला एकमेव माणूस नेमका तेव्हाच दाराबाहेर असतो, जेव्हा त्याने पाहिलेले सांगायचे असते. कष्टात तो वाटेकरी आहे, माहितीत नाही.

याला केवळ वृत्ती कारणीभूत नाही. शिक्षण रुग्णालयांतील सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. प्रत्यक्षात रात्रपाळीला संपूर्ण वॉर्ड एक-दोघींच्या भरवशावर असल्याचे चित्र नवे नाही. मिनिटभर घड्याळ लावून श्वास मोजायलाही तेथे उसंत मिळत नाही. अशा वेळी घरच्या माणसाचे निरीक्षण ही चैन ठरत नाही, तो परिचारिकेचा जादा डोळा ठरतो.

भारतात, महाराष्ट्रात असे प्रयत्न झाले आहेत का?

झाले आहेत, विशेषतः नवजात बालकांबाबत. आजारी नवजात बाळांचे कक्ष दीर्घकाळ घरच्यांसाठी बंद असत. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात पालकांना हात धुण्यापासून बाळाला धरणे, दूध पाजणे, धोक्याची लक्षणे ओळखणे हे सारे शिकवून आत घेण्याचा प्रयोग झाला. त्याच्या आधारे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये ‘कुटुंबाचा सहभाग असलेली शुश्रूषा’ यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची चाचणी भारतासह पाच देशांत झाली. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात सहभागी होते. बाळाची प्रकृती स्थिर झाल्यावर ही पद्धत सुरू केलेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १५.७ टक्के, तर लगेच सुरू केलेल्या गटात १२ टक्के होते, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. त्यासाठी आई आणि बाळ एकाच कक्षात ठेवावे लागले. म्हणजे आईला ‘भेटायला आलेली’ समजणे सोडावे लागले.

महाराष्ट्राचे उदाहरण तर त्याहून जुने आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात गावातील स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन तपासणी करायला शिकवले. बाळाने दूध ओढणे सोडले का, रडणे क्षीण झाले का, अंग गार लागते का, अशा खुणांवरून त्या जंतुसंसर्ग ओळखत आणि उपचार करत. त्यांतल्या अनेक खुणा आईच आधी पाहते. कार्यक्रमाच्या तिसऱ्या वर्षी ३९ गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आशा कार्यकर्ती आज रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा वेळा भेट देते, त्या राष्ट्रीय कार्यक्रमाची मुळे या कामात आहेत.

आक्षेप आणि धोके कोणते?

पहिला आक्षेप संघर्षाचा. नातेवाईकांना अधिक जागा दिली तर वाद वाढतील, अशी भीती डॉक्टर-परिचारिकांना वाटते आणि ती निराधार नाही. रुग्णालयांतील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. पण संतापामागे अनेकदा ‘आम्ही सांगत होतो, कोणी ऐकले नाही’ हीच भावना असते. शंका मांडायला ठरलेली वाट असेल तर ती आरडाओरड्यापर्यंत जाण्याची शक्यता कमी होते.

दुसरा धोका अधिक नाजूक आहे. कुटुंबाचा आवाज म्हणजे रुग्णाचा आवाज नव्हे. बाळंतिणीच्या वतीने सासूबाईच बोलत असतील, किशोरवयीन मुलीच्या वतीने वडील उत्तरे देत असतील, तर खरे दुखणे दबून राहू शकते. ‘न्हाणीघरात पडले’ असे सांगणाऱ्या बाईची जखम मारहाणीचीही असू शकते. म्हणूनच असेसमेंटचा एक भाग रुग्णाशी एकांतात व्हायला हवा, हा या पद्धतीचाच नियम आहे. तिसरी मर्यादा अशी की, घरच्यांना काही वाटत नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे मुळीच नाही. त्यांची काळजी ही आकड्यांना जोड आहे, पर्याय नाही. शिवाय ज्यांच्याजवळ कोणीच नाही अशा रुग्णांसाठी ही जबाबदारी पूर्णपणे परिचारिकेवरच राहते.

आपल्याकडे काय करता येईल?

‘मार्था नियमा’सारखा देशव्यापी नियम भारतात नाही. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये केलेल्या सुधारणेनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावायची आहे. आजाराची माहिती मिळणे आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हे हक्क त्यात आहेत. मात्र मध्यरात्री खाटेवरच्या रुग्णाचा श्वास वाढला असताना या हक्काचा उपयोग कसा करायचा, याची वाट घालून दिलेली नाही. चोवीस तास फिरते पथक ठेवणे मोठ्या रुग्णालयांनाच परवडेल. पण नियमाचा तिसरा भाग, म्हणजे रोज विचारणे आणि लिहून ठेवणे, याला यंत्र लागत नाही. प्रत्येक पाळीत एकदा ‘कालच्यापेक्षा आज कसे वाटते, काही वेगळे दिसले का?’ हा प्रश्न, केसपेपरवर त्यासाठी एक रकाना आणि पाळी बदलताना ती नोंद पुढच्या परिचारिकेला वाचून दाखवणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. ‘इन्चार्ज सिस्टर कोण आणि त्या कोठे भेटतील’ हे वॉर्डाच्या दारावर लिहिले तरी दुसरी पायरी तयार होते.

नातेवाईकांनाही सांगण्याची पद्धत जमवावी लागेल. ‘बरं नाही वाटत’ एवढ्यावर परिचारिकेला फारसे काही करता येत नाही. काय बदलले, केव्हापासून आणि एरवी कसे असते, या तीन गोष्टी सांगितल्या तर तेच वाक्य उपयोगी माहिती होते : ‘सकाळपासून चार वेळा हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत, एरवी यांची झोप सावध आहे.’ काही खुणांसाठी तर राउंडची वाट पाहूच नये. श्वासाला धाप लागणे, अंग गार व ओलसर पडणे, अनेक तास लघवी न होणे, अचानक असंबद्ध बोलणे. लहान मुलाने पिणे पूर्ण थांबवणे, सगळे उलटून टाकणे, झटका येणे किंवा जागे करूनही जागे न होणे. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचा ५० किंवा अधिक आणि पाच वर्षांखालील मुलाचा ४० किंवा अधिक असेल तर तो जलद समजतात. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजले तर हे घरच्यांनाही ओळखता येते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणासाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले होते. ते पुस्तक व्यावसायिक परिचारिकांपुरते नव्हते, घरी आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या स्त्रियांसाठी लिहिलेले होते. निरीक्षण हे दोघींचेही काम आहे, ही त्यातली समजूत दीडशेहून अधिक वर्षांनी एका नियमाच्या रूपाने रुग्णालयात परतली आहे. त्यासाठी एका मुलीचा जीव जावा लागला. आपल्याकडे खाटेशेजारचा माणूस पहिल्यापासून हजर आहे. त्याने पाहिलेले केसपेपरवर कधी येणार, एवढाच प्रश्न आहे.